आजोबांची ग्यासबत्ती पेटवायच्या आधी पाण्यात बुडवा

खानापूरकडच्या एका भावानं विचारलंय. जुनं घर उतरवताना गोठ्याच्या माळ्यावर आजोबांची ग्यासबत्ती सापडली, टाकीवर पेट्रोमॅक्स, ८२९, ५०० सीपी (म्हणजे कँडलपॉवर, उजेडाचं माप) असं ठोकलंय, पंप मारला की दांडा आपोआप वर येतो, काच नाही, जाळी म्हणजे मेंटल नाही, आणि बेळगावातला एकजण म्हणाला द्या इकडं, बफिंग मारून चकाचक करून देतो. यंदा गणपतीला पेटवायचीय, तर पार्ट कुठं मिळतील, आणि बफिंग करून घेऊ का.

बफिंगला देऊ नका, हे आधी सांगतो, कारण पार्ट काय चार दिवस उशिरा मिळाले तरी चालतंय पण बफिंग एकदा झालं की झालं. का ते पुढं येईल.

माझ्या मामाचं शहापुरात स्टोव्ह-बत्ती रिपेरीचं दुकान होतं, शाळा सुटली की मी तिथंच, नंतर उद्यमबागेत लेथवर तीस वर्षं काढली, आता बत्त्या हौसेखातर करतो. मामाचा एकच क्रम होता, आधी हवा बघ, मग तेल बघ, मग आग. बत्ती घेऊन येणाऱ्या माणसाला मात्र आग आधी बघायची असती, घासलेट ओततात, काडी लावतात, भडका झाला की घाबरून बाहेर अंगणात फेकतात आणि मग आमच्याकडं आणतात, अर्धी वाकलेली.

तुमच्या बत्तीत मला सगळ्यात जास्त काळजी वाटती ती पंपाची नाही, त्या गोठ्याची. टाकी पितळेची असती, पत्रा दाबून ओढून तिला तो आकार दिलेला असतो, म्हणजे धातूत ताण राहिलेला असतो, आणि गोठ्यात जनावराच्या मुताचा जो डोळ्यात झोंबणारा वास असतो ना, तो अमोनिया. ताण असलेलं पितळ, अमोनिया आणि पावसाळ्याची ओल हे तिन्ही एकत्र आले की पितळेला बाहेरून काही न दिसता केसासारख्या चिरा जातात. ब्रिटिशांच्या फौजेला हिंदुस्थानात हाच त्रास झाला होता, पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी आपोआप तडकायची, ऋतूप्रमाणे होतंय म्हणून त्याला सीझन क्रॅकिंग नाव पडलं, आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे कारण १९२१ मध्ये पक्कं झालं. खानापूर तालुक्यातला पाऊस आणि गोठ्याचा माळा, याहून वाईट जागा बत्तीला शोधून सापडायची नाही. घरच्यांना दोष देत नाही, सगळ्यांनी तिथंच ठेवली, आमच्या आजोळीही तिथंच होती.

म्हणून टाकी आधी. वरचा सगळा पसारा, टोपी, आतली जाळीदार नळकांडी, मेंटल बांधायचा नोजल काढून बाजूला ठेवा, फक्त टाकी, पंप आणि मधली उभी नळी राहू दे. तोंडाच्या झाकणातून अर्धा लिटर घासलेट घालून रात्रभर टाकी आलटून पालटून ठेवा. बाहेरून आधी कोरडी पुसून खडूची पूड पाण्यात कालवून पातळ हात द्यायचा आणि वाळू द्यायचा. फौंड्रीवाले कास्टिंगची चीर बघायला असंच करतात, यात नवं काही नाही. सकाळी जिथं पांढऱ्यावर तेलकट रेघ उमटलेली दिसेल तिथं चीर आहे. पंपाची नळी टाकीत जिथं शिरती त्याच्या मुळाशी, आणि खालच्या बुडाच्या काठाला, या दोन जागा भिंग घेऊन बघा, हिरवट निळसर डाग असला तर तिथं जास्त वेळ द्या. एकच बारीक भोक असेल तर डाग म्हणजे सोल्डर देता येतो, पण टाकी घासलेटची आहे हे डाग देणाऱ्याला सांगा, साबणाच्या गरम पाण्यानं धुऊन, पाण्यानं भरूनच डाग द्यायचा, रिकाम्या टाकीत वाफ साठलेली असती आणि ती पेटती. रेघाच रेघा असतील तर मात्र डाग देऊन फायदा नाही, एका जागी गरम केलं की चीर शेजारून पुढं जाती. तसली बत्ती घासून पुसून शोकेसमध्ये ठेवा, पेटवायची नाही. दोन बारच्या आसपास दाब असतो आत, आणि पोरं बाजूला बसून आरती म्हणत असतात.

खडूत पास झाली की बादली. तेल काढून टाका, झाकण घट्ट करा, बत्ती चालू-बंद करायचं चाक फिरवून पिन, म्हणजे वरच्या बारीक भोकातली सुई, बंद करा, पंधरावीस पंप मारा आणि टाकी पाण्यात सावकाश सोडा. आता बुडबुडे कुठून येतात ते वाचायचं, हा भाग मला अजूनही आवडतो. झाकणाच्या कडेनं येत असतील तर रबर गेलंय, सोपं काम. घड्याळाच्या म्हणजे दाबाच्या काट्याच्या पोटातून येत असतील तर ते झाकण अख्खं बदलायचं. चाकाच्या दांडीभोवती आले तर आतलं ग्राफाइटचं पॅकिंग सुकलंय, आधी तिथला नट पाव आटा आवळून बघा, बऱ्याचदा तेवढ्यात थांबतं. उभी नळी टाकीत जिथं बसती तिथून आले तर शिशाचं वायसर. आणि पंपाच्या तोंडातून येत असतील, जे तुमच्याकडं शंभर टक्के येणार, तर पंपाच्या तळातला व्हॉल्व.

दांडा आपोआप वर येतो म्हणजे टाकीतली हवा त्या तळातल्या व्हॉल्वमधून उलटी पंपात येऊन दांडा ढकलायला लागलीय. यात एक बरी बातमी पण आहे, हवा दांड्याला ढकलू शकती म्हणजे चामड्याचं वायसर अजून धरतंय. उलटं असतं, म्हणजे दांडा हवेतल्या हवेत हलतोय, जोरच लागत नाही, तर चामडं सुकलेलं असतं. लोक दोन्हीत गोंधळ करतात, व्हॉल्व खराब असताना चामडं बदलून आणतात आणि म्हणतात नवीन पार्ट टाकला तरी तेच.

व्हॉल्व काढायला पंपाच्या नळीत पार तळाशी जाणारी लांब चावी लागती, साधा पेचकस आत घालून जोर केला तर खाच तुटती आणि मग पितळेचा तुकडा ड्रिलनं काढत बसायचं. मी लेथवर लोखंडी सळईला टोक घडवून घेतलंय, कुठलाही टर्नर अर्ध्या तासात करून देईल, खाचेची रुंदी मोजून न्या. टाकीचं बूड गरम पाण्यात ठेवा, आत थोडं मशीन ऑइल सोडा, एक दिवस जाऊ द्या, मग फिरवा. बाहेर आल्यावर आत एक स्प्रिंग आणि तिच्या टोकाला रबराची किंवा बुचाची इवलीशी गोळी दिसेल, कडक होऊन तिच्यावर गोल वळ उमटलेला असेल. एवढंच बदलायचं. अख्ख्या बत्तीचा आजार म्हणजे ती वाटाण्याएवढी गोळी.

इथं माझी गोष्ट सांगतो म्हणजे तुम्ही तीच चूक करणार नाही. मी आठवीत असेन, कडोलीकडच्या एका गुऱ्हाळावरची बत्ती होती, मामा जेवायला गेलेला आणि मी शहाणपणा करून त्या गोळीच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला. संध्याकाळी चालली पण मस्त. गुऱ्हाळावर रात्री दहाला रबर घासलेट पिऊन फुगलं, व्हॉल्व अडकला, घासलेट पंपात चढलं, आणि मी दांडा ओढला तशी पिचकारी उडाली थेट जाळीकडं. भुवया गेल्या, शर्टाची बाही गेली. मामानं आधी झाकणावरचा हवा सोडायचा स्क्रू सोडला, मग ओलं पोतं टाकलं, आणि मला एवढंच म्हणाला, "सायकल काय घासलेटवर चालतीय व्हय रे?" तर ट्यूबचं रबर नको. घासलेटला न फुगणारं नायट्राइल किंवा व्हायटॉन रबर घ्या, आणि ते घ्यायला मुंबईला जायची गरज नाही, उद्यमबागेत हायड्रॉलिकची एवढी कामं चालतात, सील आणि ओ-रिंग विकणाऱ्यांकडं व्हायटॉनची गोल दोरी मिळती, पंचनं कापून चकती काढायची. जगातले बत्तीवाले जो पार्ट पोस्टानं मागवतात तो आपल्याकडं भंगाराच्या भावात पडलाय.

चामड्याचं पण तसंच. अथणी, निपाणीकडं कोल्हापुरी चपला करणारे आहेत, त्यांच्याकडचं चामडं झाडाच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं असतं, आणि वाटीसारखं वायसर करायला असंच चामडं लागतं, ओलं करून दाबलं की आकार धरून राहतं. फक्त तळाचं जाड म्हशीचं घेऊ नका, वरच्या पट्ट्याचं पातळ मागा. गोल कापा, कोमट पाण्यात भिजवा, जुन्या वायसरच्या मापाच्या नळीत बोल्टनं दाबून दोन दिवस वाळवा, मग एरंडेलात एक रात्र. खोबरेल लावू नका, थंडीत आपल्याकडं खोबरेल बाटलीत गोठतं तसंच ते पंपात गोठतं आणि डिसेंबरात पहाटे काकड आरतीला बत्ती हवा धरत नाही, मग लोक म्हणतात वायसर खराब दिलं. गोडंतेल तर नकोच, चिकट होतं.

हवा झाली, आता तेल. मधली उभी नळी वरती जाऊन वळती आणि तिच्या टोकाला निपल असतं, घासलेट त्या नळीत तापून त्याची वाफ होती, निपलच्या केसाएवढ्या भोकातून वर सुटती, हवा ओढून घेती आणि जाळीत जाऊन जळती. बत्तीत वात नाही, जळती ती वाफ, हे डोक्यात बसलं की बाकी सगळं कळतं. नळीत वर्षानुवर्षांचा कोळसा साठलेला असतो. निपल आणि पिन काढून, नळी टाकीतून सोडवून गरम करायची, गॅसच्या शेगडीवर लालसर होईपर्यंत, गार झाल्यावर सायकलच्या ब्रेकच्या वायरचं टोक उसवून ब्रशसारखं करून आत फिरवायचं, काळी पूड पडत राहील, पडायची थांबेपर्यंत करा. निपलच्या भोकात शिवणकामाची सुई घालणाऱ्याचे हात बांधले पाहिजेत, भोक किंचित जरी मोठं झालं तरी वाफ जास्त सुटती, हवा पुरत नाही, बत्ती पिवळी जळून काजळी धरती. ५०० चं निपल ३५० च्या बत्तीला लावलं तरी हेच होतं, त्यामुळं दुकानात नुसतं पेट्रोमॅक्सचं द्या म्हणू नका, जुनं निपल खिशात घालून जा. पिन वाकडी असली तर नवीनच घ्या, सरळ करून उपयोग होत नाही, मी शंभरदा करून बघितलंय.

सगळं परत बसवताना निपलचं तोंड आणि वरच्या मिक्सिंगच्या नळीचं तोंड यातलं अंतर बघा, ८२९ मॉडेलला साधारण १४-१५ मिलिमीटर. कमी झालं तर हवा कमी, जाळीच्या खाली काळं येतं. आणि दोन्ही एका रेषेत पाहिजेत. बत्ती हापटलेली असली की नेमकं हेच बिघडलेलं असतं, आणि रिपेरीवाला मात्र निपल बदलत बसतो.

पार्टांचं सांगतो. ही बत्ती मुळात बर्लिनच्या एर्हिश आणि ग्रेट्झ कंपनीची, मालक मॅक्स ग्रेट्झ, पेट्रोलियम आणि मॅक्स मिळून पेट्रोमॅक्स. त्या धाटणीच्या नकला इतक्या देशांत झाल्या की आपल्याकडं पेट्रोमॅक्स हे बत्तीचंच नाव झालं, डालडा झालं तसं. याचा फायदा असा की निपल, पिन, वायसर, पॅकिंग, चिनीमातीचा नोजल हे सगळं अजून बनतंय, नव्या पेट्रोमॅक्सला जर्मनीतून पार्ट मिळतात ते जुन्या ८२९ ला बहुतेक बसतात पण महाग, आणि आपल्याकडचे देशी पार्ट ऑनलाइन मिळतात ते स्वस्त पण आटे ढिले. माझा नियम, निपल आणि पिन चांगली घ्यायची, बाकी देशी चालतंय. गावातल्या गावात मिळवायचं असेल तर खडेबाजारात आणि रविवार पेठेत जुन्या हार्डवेअरवाल्यांना विचारा, नव्या पोराला नाही, गल्ल्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला, "बत्तीचं सामान माळ्यावर हाय काय ओ?" असं. माळ्यावर असतं. मला एकदा असंच विचारल्यावर धुळीनं भरलेला पुठ्ठ्याचा डबा मिळाला, आत चिनीमातीचे नोजल भाताच्या तुसात ठेवलेले, एकाला पण तडा नाही. तांब्यापितळेच्या भांड्यांच्या दुकानात लोक बत्त्या मोडीत घालतात, त्यांना सांगून ठेवा, मोडीच्या वजनाच्या भावात फुटकी टाकी आणि चांगलं वरचं सामान असलेली दुसरी बत्ती मिळाली तर डोळे झाकून घ्या. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार आहेच, पण तिथं आता भाव हॉटेल सजवणाऱ्यांनी चढवलेत. गोव्याकडं पाहुणे असतील तर त्यांना पण विचारा, पोर्तुगालच्या तोरेस वेद्रासची हिपोलिटो बत्ती तिकडच्या जुन्या घरांत निघती, दिसायला आपल्यासारखीच. तिचे पार्ट आपल्या बत्तीला लावायच्या आधी शेजारी शेजारी ठेवून आटे जुळवून बघा, जबरदस्तीनं फिरवू नका.

हॉटेलवाल्यांवरून आठवलं, टाकीला भोक पाडून वायर घालून बल्ब लावतात ते. असली बत्ती दुरुस्तीला आणली तर मी हात लावत नाही, चहा पाजून परत पाठवतो.

काच घेताना वरचा व्यास, खालचा व्यास आणि उंची तिन्ही मापं न्या, आणि उष्णता सोसणारी बोरोसिलिकेटचीच मागा. साध्या काचेवर पावसाचा एक थेंब पडला की टण्ण. मृगात चढणीचे मासे धरायला बत्ती घेऊन ओढ्यात उतरणाऱ्यांना विचारा किती काचा गेल्या. अभ्रकाची मिळाली तर उजेड जरा मंद पण फुटायचं टेन्शन नाही.

जाळी म्हणजे मेंटल, ते बांधताना दोऱ्याचं उरलेलं टोक कापून टाका नाहीतर तिथं काळा डाग राहतो. पहिल्यांदा जाळून राख झाली की तिला बोट लावायचं नाही, भोक पडलं की त्यातून ज्वाळेची सुरी बाहेर येती आणि समोरची काच फोडती. ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाखनं ही जाळी काढली, थोरियममध्ये एक टक्का सेरियम घालून, आणि ते थोरियम जगाला पुरवायला केरळच्या किनाऱ्यावरची मोनाझाइट वाळू जायची. थोरियम किंचित किरणोत्सारी आहे, घाबरायसारखं नाही, पण जुन्या जाळीची राख तोंडानं फुंकून उडवायची सवय आपल्यात आहे ती सोडा, ओल्या कागदानं पुसून घ्या. आता बिनथोरियमच्या जाळ्या पण मिळतात, उजेड जरा पिवळसर वाटतो मला.

बफिंगचं राहिलं. टाकीवर निकेलचा किंवा क्रोमचा पातळ थर असतो, बफिंगच्या चाकानं तो जातो, खालचं पितळ पण थोडं जातं, मुळात पातळ असलेला पत्रा आणखी पातळ होतो, आणि ठोकलेली अक्षरं बुजतात. एकानं बफिंग करून आणलेली बत्ती मी बादलीत सोडली तर काठाला माळ लागल्यासारखे बुडबुडे. साबणाचं कोमट पाणी, काजळीला धुण्याचा सोडा, पितळ उघडं असेल तिथं चिंच आणि लगेच भरपूर पाणी, एवढ्यावर थांबा. निकेलवर चिंच चोळू नका. आणि बाटलीतल्या पितळ पॉलिशला अमोनियाचा वास येत असेल तर ती बाजूला ठेवा, गोठ्यातून काढून परत गोठ्यात घातल्यासारखं होतं ते.

तेल. रेशनचं निळं घासलेट आता हातात येणं अवघड, आणि आलं तरी जुनं, तळाला गाळ असलेलं, ते बत्तीत काजळीच करतं. पांढरं घासलेट, आमच्या कन्नड शेजाऱ्यांच्या भाषेत चिमणी एण्णे, मिळेल तेवढं घ्या आणि कापडातून गाळून टाकी पाऊण भरा. पूर्ण टाकी म्हणजे एक लिटर, आठेक तास जळती. डिझेलनं नळी गच्च होती, दिव्याचं पॅराफिन तेल नीट वाफ होत नाही, आणि पेट्रोल घातलं तर तो बॉम्ब आहे, थेंबभर मिसळून बघू असंही नको.

पेटवताना घाई नाही. नळी आधी तापवायला स्पिरिट लागतं, ते पॉलिशवाल्यांकडं मिळतं, नळीच्या बुडाची वाटी त्यानं भरा, पेटवा, पूर्ण जळू द्या, पहिल्यांदा तर दोन वाट्या. थंड नळीवर चाक उघडलं की वाफेऐवजी तेलच वर येतं आणि भडका उडतो, लोक ज्याला बत्ती खराब झाली म्हणतात ते दहातल्या आठ वेळा एवढंच असतं. स्पिरिट विझत आलं की थोडेच पंप मारून चाक उघडा, जाळी भरली, सूं असा आवाज लागला की मग दाबाच्या काट्याच्या लाल रेघेपर्यंत हवा. पहिली दोनतीन वेळा अंगणात, पोरांना लांब ठेवून, हाताशी ओलं पोतं. गणपतीच्या खोलीत दारं लावून पेटवायची नाही, खोलीतली हवा संपवती ती. गणपतीवर टांगलेल्या माटवीच्या कागदापासून आणि तोरणापासून हातभर तरी लांब टांगा, टोपीच्या वर किती गरम असतं ते एकदा हात वर धरून बघा.

तर आधी खडू आणि बादली करा, आणि पंपाच्या मुळाचा, टाकीच्या बुडाचा जवळून काढलेला फोटो पाठवा, निपल आणि काचेचे पैसे त्याच्या आधी घालू नका.